गावच्या वाचनालयाला पैसा मिळतो, पण कुणाला? कोणता दरवाजा कुणासाठी, समजून घ्या

मारुतीच्या देवळाशेजारी किंवा ग्रामपंचायतीच्या मागच्या बाजूला एक खोली, दारावर रंग उडालेला 'सार्वजनिक वाचनालय' असा फलक आणि कडीला गंजलेलं कुलूप. हे चित्र बऱ्याच गावांत दिसतं. आत दोन कपाटं, त्यातल्या एकाला वाळवी. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं तालुक्याला खासगी अभ्यासिकेत महिन्याची फी भरून बसतात, शिवाय एसटीचं भाडं वेगळं. आणि गावात कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "अनुदानच येत नाही, काय करणार?"

अनुदान का येत नाही, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. बहुतेक वेळा पैसा नाही असं नसतं. चुकीच्या खिडकीवर अर्ज गेलेला असतो, नाहीतर संस्थेचे कागद मध्येच कुठेतरी तुटलेले असतात. शाळेचा पैसा वेगळा, नोंदणीकृत वाचनालयाचा वेगळा, ग्रामपंचायतीचा वेगळा आणि कंपन्यांचा त्याहून वेगळा. 'ग्रँट' या एकाच शब्दात हे सगळं कोंबलं की गोंधळ होतो.

पहिली चूक: जिल्हा परिषदेत चौकशी

वाचनालय म्हणजे शिक्षण, म्हणून लोक थेट जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात जातात. तिथे त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं जातं, कारण हा विषय त्यांचा नाहीच. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचं काम राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली चालतं. वर मुंबईला ग्रंथालय संचालनालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालय. गावच्या वाचनालयासाठी पहिली फेरी इथेच मारायची.

याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आणि ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याचे नियम १९७० चे. (कोल्हापूर संस्थानानं तर ग्रंथालयांसाठीचा कायदा १९४५ सालीच केला होता, म्हणजे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.) या नियमांप्रमाणे शासन स्वतः गावोगाव वाचनालय उघडत नाही. गावातल्या लोकांनी संस्था काढायची, ती नोंदवायची, वाचनालय चालवून दाखवायचं. मग शासन त्याला मान्यता देतं आणि दरवर्षी चालवण्याच्या खर्चासाठी पैसे देतं. त्याला परिरक्षण अनुदान म्हणतात. राज्यात अशी हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत.

वर्ग कोणता, त्यावर रक्कम

शासनमान्य ग्रंथालयांचे जिल्हा, तालुका आणि इतर असे गट आहेत. गावातलं वाचनालय साधारणपणे 'इतर' गटात येतं. त्यात अ, ब, क, ड असे वर्ग. पुस्तकं किती, वर्गणी भरणारे सभासद किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती येतात, रोज किती तास उघडं असतं, यावर वर्ग ठरतो. नवीन वाचनालय बहुधा 'ड' पासून सुरू होतं.

२०१२ नंतर दहा वर्षं अनुदानाचे दर तसेच राहिले होते. २०२२-२३ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली. 'इतर' गटातल्या 'ड' वर्गाचं अनुदान वर्षाला ३० हजारांवरून ४८ हजार झालं. 'क' वर्गाचं ९६ हजारांवरून १ लाख ५३ हजार ६००, 'ब' वर्गाचं १ लाख ९२ हजारांवरून ३ लाख ७ हजार २०० आणि 'अ' वर्गाचं २ लाख ८८ हजारांवरून ४ लाख ६० हजार ८००. हे दर शासन निर्णयानं बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचा तक्ता कार्यालयातून मागून घ्यावा.

आता याचा हिशेब मांडून बघा. २०२२-२३ च्या दरानं 'ड' वर्गाचे ४८ हजार म्हणजे महिन्याला चार हजार. अनुदानातला निम्मा भाग पगारावर आणि उरलेला निम्मा पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज यांवर, अशी विभागणी असते. म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार रुपये. शेतात मजुरीला गेला तर आठवड्यात कमावेल एवढे. ही रक्कम महिन्याच्या महिन्याला येत नाही, अनुदान हप्त्यांत येतं आणि हप्ता लांबला की तोही लांबतो. गावचं वाचनालय संध्याकाळी दोन तासच का उघडतं आणि तो माणूस पाच-सहा वर्षांत सोडून का जातो, याचं उत्तर इथे आहे. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघटना वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षं करत आहेत ती यामुळेच.

आणखी एक बाब बऱ्याच समित्यांच्या लक्षात येत नाही. वर्गापुढे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. वाचनालयानं खरोखर किती खर्च केला आणि त्यातला किती मान्य झाला, त्यावर हातात येणारा आकडा ठरतो. खर्च केला पण पावती नाही, तर तो खर्च झालाच नाही असं धरलं जातं. किराणा दुकानातल्या कच्च्या चिठ्ठीवर खुर्च्या घेतल्या तर ते पैसे गेलेच म्हणायचे.

मान्यता मागण्याआधी एक प्रश्न कार्यालयात स्पष्ट विचारावा, "सध्या नवीन मान्यतेचे आणि वर्ग वाढवण्याचे अर्ज घेणं सुरू आहे का?" २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. अनेक ठिकाणी ग्रंथालय फक्त कागदावर असल्याचं आढळलं. त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गबदल बराच काळ थांबले. कागदावरच्या वाचनालयांची किंमत खरोखर चालणाऱ्या वाचनालयांनी मोजली, असंच म्हणावं लागेल. म्हणून आधी विचारणा, मग धावपळ. उत्तर तोंडी मिळालं तर एक साधा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

खरी गाठ बसते ती इथे

गावातल्या जुन्या वाचनालयाची फाईल उघडली की बहुतेक वेळा एकच आजार सापडतो. संस्था पंचवीस-तीस वर्षांपूर्वी नोंदवलेली. तेव्हाचे अध्यक्ष वारले. सचिव मुलाकडे पुण्याला गेले. नवीन मंडळींनी गावात बैठक घेऊन समिती निवडली, पेढे वाटले, पण धर्मादाय कार्यालयात काहीच कळवलं नाही. गावाच्या लेखी नवीन अध्यक्ष आहेत, सरकारच्या लेखी मात्र वारलेलेच अध्यक्ष आहेत.

अशा संस्थेचा कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही. बँकेत सही जुळत नाही. खातं बंद पडलेलं असतं. अनुदान संस्थेच्या खात्यावरच येत असल्यानं मंजूर झालेली रक्कमही अडकू शकते.

वाचनालय चालवणारी संस्था साधारणपणे दोन कायद्यांखाली नोंदलेली असते, संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. नवीन संस्था काढायची तर किमान सात जण लागतात. विश्वस्तांत किंवा कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. त्यालाच गावाकडे सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. मुदत उलटली असेल तर उशीर का झाला याचं कारण देऊन विलंब माफीचा अर्जही सोबत जोडावा लागतो. जुन्या सदस्यांची संमती, मृत सदस्यांचे मृत्यू दाखले, बैठकीची नोटीस, ठराव, हजेरीच्या सह्या असं सगळं मागितलं जातं. दहा-पंधरा वर्षांचे बदल साचले असतील तर एकेक बदल क्रमानं मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. महिन्यात होईल अशा आशेवर राहू नये.

हे काम कुणालाच आवडत नाही. त्यात फोटो निघत नाही, फ्लेक्स लागत नाही. पण ज्या गावातल्या दोन-तीन पोरांनी हे काम अंगावर घेतलं, तिथलंच वाचनालय पुढे कुठल्याही योजनेत अर्ज करू शकतं. संस्थेचा नोंद उतारा म्हणजे अनुसूची एकचा उतारा आधी काढून आणावा आणि त्यावर कुणाची नावं आहेत ती बघावी. गावात आज कारभार बघणारी माणसं आणि उताऱ्यावरची नावं एकच असतील तर निम्मी लढाई जिंकली.

दुसरी बाजू रोजच्या नोंदवह्यांची. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत क्रमांक, दिलं-घेतलं की देवघेव नोंदवहीत नोंद, सभासदाची वर्गणी घेतली की पावती. रोज किती वाचक आले त्यांच्या सह्या. कीर्द, खतावणी, खर्चाची व्हाउचर, बैठकीचं इतिवृत्त. ३१ मार्चला वर्ष संपलं की हिशेब तपासून घ्यायचा आणि वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला वेळेत द्यायचा. तपासणीला साहेब आले की एका रात्रीत वर्षभराच्या सह्या करणारी वाचनालयंही असतात. शाईचा रंग एकच असतो, साहेबांनाही ते कळतं.

कोलकात्याहून येणारी मदत

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही संस्था आहे. मुख्यालय कोलकात्याला, स्थापना १९७२ ची. गावोगावच्या वाचनालयांत कपाटावर किंवा पुस्तकाच्या पहिल्या पानावर या नावाचा शिक्का दिसतो तो यामुळेच.

प्रतिष्ठानच्या योजना दोन प्रकारच्या. समान निधी योजनेत राज्य सरकार आणि प्रतिष्ठान दोघेही वाटा घालतात. त्यातून मुख्यतः पुस्तकं मिळतात, तीही राज्य पातळीवर निवडलेल्या यादीतली. रोख पैसे हातात येतील ही अपेक्षा इथे धरू नये. दुसरी असमान निधी योजना. यात पुस्तकं, फर्निचर, साधनसामग्री, इमारत बांधणं किंवा वाढवणं, बालविभाग सुरू करणं अशा ठरावीक कामांसाठी वाचनालयाला स्वतः अर्ज करता येतो. मुलांसाठी 'बाल कोपरा' आणि सर्वांसाठी 'ज्ञान कोपरा' हेही त्यातच येतात.

याच योजनेतला एक भाग फार कमी जणांना माहीत असतो. वाचनालयाला ५०, ६०, ७५, १००, १२५ किंवा १५० वर्षं पूर्ण होत असतील तर महोत्सवी वर्षासाठी मदत मागता येते. महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेली वाचनालयं खूप आहेत, आणि स्वातंत्र्यानंतर खेड्यांत निघालेली बरीच वाचनालयं आता साठी-पंचाहत्तरीला आली आहेत. स्थापनेचा जुना दाखला शोधून ठेवावा. वर्ष निघून गेलं की संधीही गेली.

अर्ज इंग्रजी किंवा हिंदीत करावा लागतो. दरवर्षी ग्रंथालय संचालनालय वर्तमानपत्रांतून आणि जिल्हा माहिती कार्यालयाच्या बातमीतून अर्ज मागवतं. नमुने प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावर असतात. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून पुढे जातो आणि राज्याच्या समितीची शिफारस लागते, म्हणून कोलकात्याला थेट टपाल करून उपयोग नाही. बातमी आल्यावर कागद जमवायला बसलं तर मुदत हमखास चुकते. इमारतीसाठी अर्ज करायचा तर जागा संस्थेच्या नावावर असल्याचा पुरावा, आराखडा आणि खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. जागा ग्रामपंचायतीची आणि अर्ज संस्थेचा, अशी गल्लत अनेक ठिकाणी होते. तसं असेल तर आधी जागेचा प्रश्न सोडवावा. केंद्राच्या बहुतेक योजनांसाठी नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावर संस्थेची नोंद मागितली जाते. ती मोफत आहे, संस्थेचं पॅन कार्ड लागतं आणि मोबाईलवरूनही होते.

संस्था नाही, मग ग्रामपंचायत

गावात नोंदणीकृत वाचनालयच नसेल तर? राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे २९ विषय दिले आहेत, त्यात विसावा विषय ग्रंथालयं हाच आहे. म्हणजे ग्रामपंचायत "हे आमचं काम नाही" असं म्हणू शकत नाही.

पैसा कुठून? १५ व्या वित्त आयोगाच्या मूळ निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, ४० टक्के अबंधित. अबंधित निधीतून गावाच्या गरजेची कामं करता येतात, पगार मात्र देता येत नाही. म्हणजे खोलीची दुरुस्ती, टेबल-खुर्च्या, वीज या गोष्टी बसू शकतात, ग्रंथपालाचं मानधन बसत नाही. ते ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून किंवा लोकवर्गणीतून काढावं लागतं. खासदार-आमदार निधी आणि जिल्हा नियोजन समितीकडेही इमारतीसाठी मागणी करता येते.

पण यादीत नाव नसेल तर काहीच होत नाही. 'आमचं गाव आमचा विकास' आराखडा दरवर्षी ठरतो आणि ग्रामसभेत मंजूर होतो. अभ्यासिकेची मागणी करणारी पोरं ग्रामसभेला येतच नाहीत, हे ग्रामसेवकही जाणतात. वीस पोरं आणि दहा बाया ग्रामसभेत बसल्या आणि ठराव लिहूनच उठल्या, तर चित्र बदलतं. आराखड्यात काय घेतलं आणि कशावर किती खर्च झाला, हे 'ई-ग्रामस्वराज' अॅपवर गावाचं नाव निवडून कुणालाही बघता येतं. ठराव झाला पण अॅपवरच्या आराखड्यात काम दिसत नाही, तर तिथेच विचारणा करावी.

शाळेचा पैसा वेगळा

जिल्हा परिषदेच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी स्वतंत्र अनुदानाची तरतूद आहे. शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत आहे त्याप्रमाणे ते वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत असतं. केंद्राकडून मंजुरी मिळेल तसं ते येतं. यातून सार्वजनिक वाचनालयाला काही मिळत नाही, पण पालकांना विचारता येतं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणपट सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. यंदा ग्रंथालय अनुदान आलं का, कोणती पुस्तकं घेतली आणि ती कपाटात आहेत की मुलांच्या हातात, एवढे तीन प्रश्न समितीच्या बैठकीत विचारले तरी पुरे.

कंपन्यांचा सामाजिक निधी

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कोणत्या कामावर, याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. त्यात शिक्षण तर आहेच, पण सार्वजनिक ग्रंथालय उभारणं हेही स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. अर्ज करताना हा उल्लेख जरूर करावा.

एमआयडीसी जवळ असलेल्या तालुक्यांना याचा उपयोग जास्त. सहकारी साखर कारखान्याला मात्र हा नियम लागू नाही, कारण तो कंपनी कायद्याखाली येत नाही. त्यानं मदत केली तर ती त्याच्या मर्जीनं. खासगी साखर कारखाना कंपनी असतो, तो निकषात बसत असेल तर त्याच्याकडे मागता येतं.

संस्थेनं कंपनीकडून असा निधी घ्यायचा असेल तर आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज आणि किमान तीन वर्षं केलेल्या कामाचा पुरावा लागतो. कालच काढलेल्या संस्थेला हा दरवाजा बंद आहे. त्यांनी कंपनीला ग्रामपंचायतीमार्फत किंवा आधीच नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत काम सुचवावं.

मुंबई-पुण्याला स्थायिक झालेली गावची माणसं देणगी द्यायला तयार असतात. ८०जी असेल तर जुन्या करपद्धतीत असणाऱ्यांना करसवलत मिळते, नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. दुबईला कामाला गेलेल्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या गावकऱ्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मदत धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसा मात्र एफसीआरए नोंदणीशिवाय संस्थेनं घेऊ नये. कितीही जवळचा नातेवाईक असला तरी.

'ग्रँट मिळवून देतो' म्हणणारे

व्हॉट्सअॅपवर फिरणारे मेसेज आणि गावात येणारे एजंट, दोन्हीपासून जपून. "दिल्लीत ओळख आहे, दहा टक्के आधी द्या, पाच लाखांची ग्रँट आणून देतो" असं सांगून संस्थांचे पैसे, आणि त्याहून वाईट म्हणजे सही केलेले कोरे लेटरहेड आणि चेक नेले जातात. वर सांगितलेल्या कोणत्याही सरकारी योजनेत मंजुरीसाठी कुणाला टक्केवारी द्यायची नसते. सीए किंवा वकिलाची फी वेगळी, ती कामाची असते आणि तिची पावती मिळते.

अर्ज केल्यावर महिनोन्महिने उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून आपला अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते विचारता येतं. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. त्यासाठी अर्ज दिल्याची पोच हातात हवी. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात पहिल्यांदा जाताना अनुसूची एकचा उतारा, बँक पासबुक आणि मागच्या वर्षाचा हिशेब, एवढं घेऊन गेलं तरी संस्थेचं घोडं नेमकं कुठे अडलंय ते त्याच दिवशी कळतं.